केम्निट्झची लाईन आणि जांबोटीचा पाऊस: एका इंटरनेट तक्रारीचा पूर्ण हिशेब

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं गाव. बेळगावात इंजिनिअरिंग झालेलं. वय 26. एप्रिलच्या सत्राला जर्मनीतल्या केम्निट्झला मास्टर्ससाठी गेलेला हा तरुण. त्यानं एका खोलीच्या भाड्याच्या घरात 100 एमबीपीएसचं डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येणारं, कनेक्शन घेतलं. महिना 40 यूरो, करार 24 महिन्यांचा, राऊटर कंपनीचा भाड्यानं. एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांत तंत्रज्ञाच्या दोन भेटी फुकट गेल्या, लाईन महिनाभर रोज तुटत राहिली आणि शेवटी आठवडाभर पार बंद पडली. कंपनी कोणती, याला महत्त्व नाही. नियम सगळ्यांना तेच आहेत आणि चुकाही सगळीकडे साधारण त्याच होतात.

पहिली भेट फुकट गेली ती नावामुळं. 22 एप्रिलला सकाळी 8 ते 12 अशी वेळ मिळाली होती. पोरगा चार तास दाराशी बसून राहिला, कोणी आलं नाही. संध्याकाळी ईमेल आला: तंत्रज्ञ येऊन गेला, ग्राहक भेटला नाही. तंत्रज्ञ खरंच आला होता. जर्मनीतल्या बहुमजली घरांत फ्लॅटला क्रमांक सहसा नसतो. खालच्या मुख्य दारावर बेलांची पाटी असते आणि प्रत्येक बेलेपुढं आडनाव. टपालपेटीवरही आडनावच. या पाटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं. कराराच्या कागदावरचं आडनाव पाटीवर दिसलं नाही म्हणून तंत्रज्ञ परत गेला. पैसे मागायलाही जागा उरली नाही, कारण चूक ग्राहकाच्या बाजूची.

आपल्याकडच्या पासपोर्टमुळं यात आणखी एक गुंता होतो. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. काहींचा आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि मग तिकडचा कारकून वडिलांचं नाव आडनाव म्हणून टाइप करतो. बँकेत एक, करारात दुसरं, बेलेवर तिसरं. फॉर्म भरण्याआधीच एक आडनाव ठरवायचं आणि करार, बँक खातं, बेल, टपालपेटी या चारही ठिकाणी एकाच स्पेलिंगनं लावायचं. घरमालकाकडून छापील पट्टी यायला दोन आठवडे लागत असतील तर तोवर कागदाची चिठ्ठी चिकटवली तरी भागतं. फॉर्ममध्ये दोन रकाने आणखी असतात, ते रिकामे सोडू नयेत: फ्लॅट कितव्या मजल्यावर, डावीकडं की उजवीकडं, आणि आधीच्या भाडेकरूचं आडनाव. तळघरातल्या तारांच्या जंजाळात आपली जोडी कोणती हे कंपनी याच दोन गोष्टींवरून शोधते.

दुसरी भेट 6 मेची. या वेळी बेलेवर नाव होतं, पोरगा घरात होता, फोन हातात होता. कोणीही आलं नाही, निरोपही नाही. इथं मात्र पैसे लागू होतात. जर्मनीचा नवा दूरसंचार कायदा 1 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. त्याप्रमाणं ठरलेली भेट कंपनीनं चुकवली तर प्रत्येक भेटीमागं 10 यूरो किंवा महिन्याच्या बिलाच्या 20 टक्के, यातली जी रक्कम मोठी ती ग्राहकाला मिळते. बिल 40 चं, 20 टक्के म्हणजे 8, म्हणून 10 यूरो. कंपनी आपणहून देत नाही, मागावे लागतात. त्यानं त्याच संध्याकाळी ईमेल टाकला: तारीख, दिलेली वेळ, मी घरी होतो, दहा यूरो पुढच्या बिलातून वजा करा. चार ओळी. फोन केला नाही हे बरं झालं.

तिसऱ्या भेटीला, 20 मेला, लाईन सुरू झाली. त्या आधी केअरटेकरला सांगून तळघराची किल्ली मागून ठेवली होती. इमारतीत येणारी केबल तळघरातल्या पेटीत संपते. ती खोली कुलूपबंद असली तर तंत्रज्ञ थांबत नाही. भेट वाया जाण्याची ही दुसरी नेहमीची तऱ्हा.

खरी गंमत पुढं आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घरच्यांशी चालणारे व्हिडिओ कॉल तुटायला लागले. त्याच आठवड्यात इकडं पाऊस लागला होता. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको: लाईट जाते, टॉवरची बॅटरी उतरते, मोबाईलचा एक दांडा दिसतो तोही जातो. त्यामुळं तीन आठवडे सगळ्यांनी दोष गावाला दिला. आई म्हणायची, "तुझं तोंड दिसंना बघ, आवाज तेवढा येतोय. इकडं पाऊस लई हाय." आणि पोरगा मान डोलवायचा. लाईन जर्मनीची आणि टॉवर खानापूरच्या रानातला, बिघाड कुठला असणार हे जणू ठरलेलंच! या समजुतीपायी तीन आठवडे तक्रारच झाली नाही, आणि तक्रारीच्या तारखेवरच पुढचा सगळा हिशेब चालतो.

कोडं सुटलं ते अक्काच्या घरामुळं. तिचं घर बेळगावात टिळकवाडीला, फायबरवर. तीन कॉल ठरवून केले. पहिला अक्का आणि आई यांच्यात, वीस मिनिटं, गावात पाऊस चालू असताना: चित्र थोडं धूसर, पण कॉल तुटला नाही. दुसरा पोरगा आणि अक्का यांच्यात, त्याच्या घरच्या इंटरनेटवरून: दोनदा तुटला, रात्री 9:12 ला आणि 9:26 ला. तिसरा पोरगा आणि आई यांच्यात, पण त्यानं वायफाय बंद करून मोबाईल डेटा वापरला: नीट चालला. गावाची बाजू दोन कॉलमध्ये होती, दोन्ही टिकले. त्याची घरची लाईन एकाच कॉलमध्ये होती, तोच तुटला. तासाभरात निकाल लागला.

मग राऊटरचं पान उघडलं. राऊटरमध्ये घटनांची नोंद असते, प्रत्येक घटनेपुढं वेळ. तिथं डीएसएलचा सिंक, म्हणजे राऊटर आणि कंपनीचं यंत्र यांच्यातली जोडणी, तुटल्याच्या दोन ओळी होत्या: 17:42 आणि 17:56. उन्हाळ्यात आपण जर्मनीच्या साडेतीन तास पुढं असतो (हिवाळ्यात साडेचार). 17:42 म्हणजे इकडचे 9:12. दोन्ही वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या. या नोंदीनं आणखी एक शंका मिटली. वायफाय कमजोर असेल तर कॉल तुटतो, पण डीएसएलचा सिंक तुटत नाही. सिंक तुटतो तेव्हा गडबड तारेत असते. हेल्पलाईनवरचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, वायफाय तपासा. या नोंदीचा फोटो असला की तो वाद तिथंच संपतो.

तार म्हटलं तरी कोणाची तार, हा प्रश्न राहतोच. घरात शिरल्यावर पहिला टेलिफोन सॉकेट, त्याला तिकडं पहिला टीएई म्हणतात, तिथवर जबाबदारी कंपनीची. त्याच्या पुढची तार भाडेकरूची किंवा घरमालकाची. बिघाड पुढच्या भागात निघाला तर तंत्रज्ञाच्या फेरीचं बिल ग्राहकाच्या नावावर पडू शकतं. इथं पहिला सॉकेट दारालगतच्या बोळात होता आणि दुसरा, जुन्या भाडेकरूनं स्वतः काढलेला, खोलीत टेबलाजवळ. पोरानं राऊटर खोलीतल्या सॉकेटला जोडला होता, तोही बाजारातून आणलेल्या दहा मीटरच्या टेलिफोनच्या वायरनं. आवाजाच्या फोनला असा फाटा चालतो, डीएसएलला चालत नाही. समांतर जोडलेल्या तारेच्या टोकावरून सिग्नल उलटून परत येतो, मूळ सिग्नलवर आदळतो आणि सिंक तुटतो.

म्हणून तक्रारीआधी दोन दिवस राऊटर बोळात आणला, त्याच्यासोबत आलेली मूळ छोटी केबल पहिल्या सॉकेटच्या मधल्या खाचेत घातली. टीएईला बहुधा तीन खाचा असतात. कडेच्या दोन जुन्या फॅक्स-आन्सरिंग मशीनच्या, राऊटर मधलीत. खोलीतल्या सॉकेटचा फाटा घरमालकाला विचारून सोडवून घेतला. सिंक तुटणं दिवसाला पंधरा-वीस वेळांवरून तीन-चारवर आलं. वेग मात्र 30 ते 38 च्या पुढं सरकेना. याचा अर्थ आपल्या बाजूचा दोष दूर झाला, उरलेला त्यांचा. आता तक्रार करायला हरकत नव्हती. लेखी तक्रार केली, तक्रारीचा क्रमांक घेतला.

वेगाच्या तक्रारीला पुरावा काय लागतो, इथं बहुतेकांची फसगत होते. त्यानं मोबाईलवरच्या स्पीड टेस्टचे चाळीसेक स्क्रीनशॉट पाठवले होते, वायफायवरचे. त्यांची किंमत शून्य. तिकडच्या दूरसंचार नियामकाचं, म्हणजे बॉनमधल्या बुंडेसनेट्झआगेंटूरचं, स्वतःचं मोजणीचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ब्राइटबांडमेसुंग नावाचं. पुरावा म्हणून त्याच्या डेस्कटॉप आवृत्तीतल्या पूर्ण मोजणीचा अहवाल चालतो. मोजणीचे नियम चोख आहेत. एकूण 30 मोजण्या, तीन वेगवेगळ्या दिवशी, दिवसाला 10. दोन मोजणी-दिवसांमध्ये किमान एक दिवस मोकळा, आणि सगळं 14 दिवसांच्या आत. एका दिवसात पाचवी आणि सहावी यांच्यात किमान तीन तास, बाकीच्यांत किमान पाच मिनिटं. लॅपटॉप राऊटरला लॅन केबलनं जोडलेला, वायफाय बंद, चार्जर लावलेला. बऱ्याच नव्या लॅपटॉपना लॅनची खाच नसते, म्हणून यूएसबी अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो, तो गिगाबिटचा घ्यावा. विद्यापीठाचा व्हीपीएन बंद करायचा, नाहीतर वेग लाईनचा मोजला जात नाही. घरातले बाकीचे फोन, टीव्ही मोजणीपुरते बंद.

मोजणी 3, 5 आणि 8 जुलैला झाली. करारासोबतच्या माहितीपत्रकात वेगाचे तीन आकडे असतात. या करारात कमाल 100, सर्वसाधारण 83.8 आणि किमान 54. जाहिरातीत दिसतो तो पहिला, कायद्यात कामाला येतात तिन्ही. तीनपैकी दोन दिवस एकदाही कमाल वेगाच्या 90 टक्क्यांपर्यंत पोहोचला नाही, किंवा सर्वसाधारण वेग 90 टक्क्यांपेक्षा कमी मोजण्यांत गाठला गेला, किंवा दोन दिवस किमान वेगाच्या खाली गेला, यातलं एक जरी झालं तरी सेवा करारापेक्षा कमी ठरते. इथं सरासरी 34 निघाली. तिन्ही अटींवर नापास.

अहवालाच्या पीडीएफसोबत जे पत्र गेलं ते असं होतं. वर ग्राहक क्रमांक, करार क्रमांक, तक्रार क्रमांक. मग: "सोबतच्या अहवालाप्रमाणं सेवा करारापेक्षा कमी आहे. अमुक तारखेपर्यंत ती दुरुस्त करावी. तोवर मासिक शुल्क त्या प्रमाणात कमी करावं. मुदतीत दुरुस्ती न झाल्यास करार तत्काळ संपवण्याचा हक्क मी राखून ठेवतो. 6 मेच्या चुकलेल्या भेटीचे 10 यूरो अजून जमा झालेले नाहीत." मुदत 14 दिवसांची, 'लवकरात लवकर' असं नाही, कॅलेंडरातली तारीख. मुदतीला तिकडं फ्रिस्ट म्हणतात आणि या एका शब्दानं पत्राचं वजन बदलतं. मुदत दिल्याशिवाय करार मोडता येत नाही.

पत्र जर्मनमध्ये हवं. भाषांतराचं अ‍ॅप वापरून लिहिलं तरी चालतं, कारण त्यात आकडे आणि तारखाच महत्त्वाच्या. हेल्पलाईनवर मात्र इंग्रजी मिळेल याचा भरवसा नाही आणि अर्धवट जर्मनवर फोन करण्यात धोका आहे: समोरचा वेगानं बोलतो, आपण समजल्यासारखं 'या, या' म्हणत जातो आणि दुसऱ्या दिवशी नव्या 24 महिन्यांच्या महागड्या प्लॅनचा ईमेल येतो. या पोरालाही आला. अशा वेळी घाबरायचं कारण नाही. फोनवरच्या बोलण्यानं करार पक्का होत नाही. कराराचा लेखी गोषवारा हातात आल्यावर ग्राहकानं लेखी होकार द्यावा लागतो, आणि त्यानंतरही 14 दिवसांत तो रद्द करता येतो. आलेल्या ईमेलला होकार द्यायचा नाही, 'मला हे मान्य नाही' एवढंच लिहून पाठवायचं. सीमाभागातल्या माणसाला न कळणाऱ्या भाषेतला कागद नवा नाही. शेताचा उतारा कन्नडमध्ये येतो, तो कोणाकडून तरी वाचून घेतल्याशिवाय आपल्याकडं म्हातारी माणसं अंगठा उठवत नाहीत. परदेशात गेलं की ही शहाणी सवय का सुटते कोण जाणे.

मुदत संपायच्या आधीच, एका सोमवारी सकाळी, लाईन पूर्ण मेली. राऊटरचा दिवा लुकलुकत राहिला. ही वेगळी तक्रार, तिचा क्रमांक वेगळा. हळू चालणं आणि बंद पडणं यांचे हिशेब कायद्यात निराळे आहेत, ते एकाच ईमेलमध्ये मिसळू नयेत. पूर्ण बंद सेवेचं असं आहे: तक्रार पोहोचल्यावर दोन दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर तिसऱ्या आणि चौथ्या दिवसाचे प्रत्येकी 5 यूरो किंवा बिलाच्या 10 टक्के, पाचव्या दिवसापासून प्रत्येकी 10 यूरो किंवा 20 टक्के, दोन्हींत जे जास्त ते. यात रविवारही धरतात. तक्रार सोमवारची, म्हणजे मंगळवार-बुधवार कंपनीचे. गुरुवार, शुक्रवार पाच-पाच. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार दहा-दहा. बुधवारी सकाळी लाईन आली. एकूण 50 यूरो.

बिघाड तळघरातल्या पेटीत सापडला. एका जोडावर ओल धरून तांबं हिरवं पडलं होतं. आधी सिग्नल कमी जात होता, मग जायचाच थांबला. तंत्रज्ञानं जोड कापून नवा केला आणि वेग 95 वर गेला. पावसाळी ओल कारणीभूत होती खरी, पण ती जांबोटीची नव्हे.

या सगळ्या काळात त्यानं एक चूक टाळली आणि तिच्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण आपली पोरं नेमकी तीच करतात. रागाच्या भरात बँकेत जाऊन बिलाची वजावट परत फिरवणं. जर्मनीत बिल खात्यातून थेट कापलं जातं आणि अशी वजावट आठ आठवड्यांपर्यंत कारण न देता उलटवता येते, अ‍ॅपमध्ये एका बटणावर. पैसे परत येतात, पण कर्ज तसंच राहतं. पाठोपाठ स्मरणपत्रं, वसुली कंपनी, तिची फी, आणि शेवटी शुफा या पतनोंदीत काळी खूण. ही नोंद पुढचं घर भाड्यानं घेताना घरमालक मागतो. मोबाईलचा करारही तिच्यावर अडतो. आठ यूरोच्या वादापायी घर हुकल्यावर कोणाकडं बोट दाखवणार? बिल भरत राहायचं आणि परतावा मागायचा. ज्या रकमेबद्दल वाद आहे ती लेखी, कारणासह नाकारलेली असली की तेवढ्यासाठी सेवा तोडताही येत नाही. थकबाकी किमान 100 यूरो झाल्याशिवाय आणि दोन आठवडे आधी इशारा दिल्याशिवायही नाही.

पैशांची वसुली अशी झाली. 10 आणि 50 यूरो दुसऱ्या पत्रानंतर बिलात वजा झाले. त्यावर वाद घालायला जागा नव्हती, कायद्यात आकडेच आहेत. कमी वेगाबद्दलच्या सवलतीला मात्र कायद्यात 'प्रमाणात' एवढाच शब्द आहे, सूत्र नाही. 83.8 ला 34 म्हणजे साधारण चाळीस टक्के सेवा, म्हणून त्यानं 24 यूरो कमी करा म्हटलं. कंपनी 5 म्हणाली. मग 10. त्यानं नियामकाच्या तडजोड कक्षाकडं ऑनलाईन अर्ज केला. तिथं ग्राहकाला शुल्क पडत नाही, फक्त कंपनीशी आधी लेखी प्रयत्न केल्याचं दाखवावं लागतं. तो गठ्ठा तयारच होता. अर्ज गेल्यावर कंपनी महिन्याला 20 वर आली, जुलै आणि ऑगस्ट अशा दोन महिन्यांसाठी. त्यानं मान्य केलं. आमच्या मते बरोबर केलं. चार यूरोंसाठी आणखी तीन महिने घालवण्यात अर्थ नव्हता. जूनचं काही मिळालं नाही, कारण जूनमध्ये तक्रार नव्हती, पाऊस होता.

करार अजून चालू आहे. 24 महिने संपल्यावर तो आपोआप पुढं चालतो, पण तेव्हापासून एका महिन्याच्या नोटिशीवर कधीही बंद करता येतो. ऑनलाईन केलेला करार बंद करायला 1 जुलै 2022 पासून वेबसाईटवर वेगळं बटण ठेवणं बंधनकारक आहे. ते पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतं. शिक्षण आधीच संपून बेळगावला परतायचं झालं तर नगरपालिकेत नाव कमी केल्याचा दाखला, आबमेल्डुंग, घ्यायचा आणि तो जोडून महिन्याभराच्या नोटिशीनं करार संपवायचा. नव्या पत्त्यावर, म्हणजे खानापूर तालुक्यात, ती कंपनी सेवा देऊच शकत नाही. राऊटर भाड्याचा असल्यानं तो केबल आणि अ‍ॅडॉप्टरसह परत पाठवायचा आणि पार्सलच्या पावतीचा फोटो बँक खातं बंद होईपर्यंत जपायचा. जर्मन सिम मात्र शेवटचं बिल येईपर्यंत चालू ठेवायचं, नाहीतर ग्राहक खात्याचा ओटीपी त्या नंबरवर जात राहतो आणि माणूस टिळकवाडीत अक्काच्या घरी बसलेला असतो.